कागद सोडून बोला

साहेब, आधी टाकीवर हात फिरवा.
गंज नाही तो, मीठ आहे.
गंज खाली, सायलेन्सरच्या पोटात,
तो मी लपवत नाही.

शंभर सीसी, टू-स्ट्रोक.
पुढचं मडगार्ड इतकं उंच, की चाकावर कोंबडी बसेल.
बसायचीच, पावसाळ्यात, ह्याच शेडमध्ये.
रस्त्यावर चालते, रस्ता नसेल तिथंही,
असं तिच्यासोबतच्या पुस्तकात होतं.
पुस्तक जपानी. आम्ही चित्रांवरून समजलो.

हसनमियाँ सोलकर बोटीवर तेलवाला.
एकोणऐंशी साली बहारीनहून तीन खोकी आणली,
देवगडच्या खाडीत रात्री उतरवली.
कशी, ते विचारू नका.
मी सतरा वर्षांचा, सायकलींची पंक्चरं काढणारा.
अकरा दिवस जोडत होतो,
शेवटी दोन नट उरले.
ते अजून ह्या डबीत आहेत, आणि ती अजून चालते.
कुठले, तेही विचारू नका.

नंबर मिळाला नाही. मिळणारच नव्हता.
म्हणजे डांबर तिला बंद.
हसन म्हणाला, अर्धी गाडी बंद झाली ना,
उरलेली अर्धी वापरू.
सडा आहे, कातळ आहे, ओहोटी आहे.
आणि परत बोटीवर गेला.

चालवली ती मैमुनाने.
चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी:
"कुबल, पळवूक येता माका. थांबूक शिकव."
खरं होतं तिचं. ही जात गिअरवर थांबत नाही,
उतारावर हलकी होते आणि फसवते.

मग पहाटे, पुळण ओली असेतो
मिठमुंबरीहून कुणकेश्वराच्या अंगाने,
मागे तिसऱ्यांचं पोतं, पाणी गळतंय.
ओली वाळू सडकेहून कडक, साहेब,
सुकी गिळते.
तिथीची पाऊणपट करायची, की भरती कळते:
आठाचे सहा. अष्टमीला सहाला भरती,
त्या दिवशी गाडी घरी.
आमचा हवालदार नाक्यावर बसायचा
समुद्राकडे पाठ करून.
एकदा दुपारी बघायला गेला पुळणीवर,
चाकाची एक रेघ नाही.
समुद्राने फाईल कधीच बंद केलेली.

तेलाचं नीट ऐका.
लिटरला चाळीस मिली. ती मोजायची
बाळाच्या औषधाच्या टोपणाने, आठ टोपणं.
नववं घातलंत तर नुसता धूर,
सातावर थांबलात तर एक दिवस पिस्टन धरेल,
आणि तो दिवस भरतीचा असेल.

तुमचं चार स्ट्रोकचं इंजिन
ओढतं, दाबतं, पेटतं, मग सोडतं,
मध्ये दम खायला जागा.
हिला ती नाही.
वर जाताना ओढणं-दाबणं, खाली येताना पेटणं-सोडणं,
एका हेलपाट्यात सगळं.
मैमुनासारखं, म्हणणार होतो.
राहू दे.

हसन पाच वर्षांनी आला
तेव्हा मागच्या सीटवर बसला.
सड्यापर्यंत गेली दोघं, काळोख पडता परत आली.
उतरला, इंजिन बंद करू दिलं नाही,
कान लावून ऐकत राहिला बराच वेळ.
जन्मभर इंजिनं ऐकलेला माणूस.
म्हणाला, हिने आता तुझी चाल धरली,
माझं ऐकायची नाही.
रागावलेला नव्हता. थोडा असेल.

आता तिचे गुडघे गेले, किक बसत नाही.
विक म्हणाली.
एवढंच म्हणाली, की इथंच चालू करून दाखव,
माझ्या भिंतीला ऐकू येईल अशी.

तेव्हा मारा. बूट काढून मारा,
बुटाला कळत नाही कुठे दाब लागतो ते.
दोनदा ती तुमच्याकडे बघणार नाही,
तिसऱ्यांदा निळा धूर.
तो तसाच जाऊ दे पलीकडे, तिच्या परसात.
किंमत तिकडूनच येईल,
आली तर.
मी नुसता पाने फिरवणारा.

बाकी सगळं चालू आहे. दिवा, हॉर्न, आर्मेचर.
कागद सोडून बोला.